शिवेवरची जागा

पाटीवरचं दुसरं नाव चंपाबाईनं लिहिलं नव्हतं. हे तिनं गल्लीत सांगितलं, जैन बस्तीत देवापुढं उभं राहून सांगितलं, पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. कुणी खरं मानलं नाही. निपाणीची माणसं चिमूटभर तंबाखू हुंगून कुठल्या रानातली ती सांगतील, पण समोरची बाई खरं बोलतेय की खोटं, एवढं त्यांच्या नाकाला कधी कळलं नाही.

पहिलं नाव तिनंच लिहिलं होतं. ते ती नाकारत नव्हती. तिसऱ्याचं शेवटी सांगते. आधी जागेचं ऐका, कारण हे सगळं एका चांगल्या जागेपायी झालं.

साल छत्तीस असावं. चंपाबाई तेव्हा पंचेचाळिशीची, मराठी चौथी पास, जिभेला हाड नसलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि ती दिराच्या घरात राहायची. दीर पद्मराज. तंबाखूची वखार त्याची, घर त्याचं, घरातला शब्दही त्याचाच. शालन, म्हणजे चंपाबाईची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि पद्मराजनं तिला मागची खोली दिली. त्या खोलीत तंबाखूची पोती. दार उघडलं की तिथं धडधाकट माणसाला सटासट शिंका येत. तिथं कोवळं मूल कसं तगायचं?

"वैनी, माझा जन्म त्याच खोलीतला," पद्मराज म्हणाला. "मला काय झालं?"

"झालं ते दिसतंय की," चंपाबाई म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं की शालनचे दिवस भरायच्या आत आपल्या हिमतीवर दोन खोल्या घ्यायच्या.

म्हणून तिनं ते यंत्र घेतलं. बेळगावहून एक एजंट आला होता, तो ते दाखवत फिरायचा. छातीएवढं उंच लोखंडी कपाट, पुढं काच, काचेआड काडेपेट्यांची चळत. वरच्या चिरेत एक पैसा टाकायचा, तो पडायचा, टण्. आतली कमान सुटायची, खर्र. आणि खालच्या खणात काडेपेटी पडायची, टप्. दुकानात बसायला नको, उधारी नको. विधवा बाईनं गल्ल्यावर बसावं का, हा प्रश्नच नको.

"बाई, एक ध्यानात ठेवा," एजंट म्हणाला होता. "धंदा यंत्र करत नाही, जागा करते. माणूस थांबतो, त्याचा हात रिकामा असतो आणि जवळ दुकान नसतं, अशी जागा शोधा. वैशाख संपेपर्यंत जागा सापडली नाही तर मी यंत्र परत नेणार."

ऐकायला सोपं होतं. चंपाबाई दोन महिने जागा शोधत फिरली आणि तिच्या पायाला भिंगरी लागली.

मोटारस्टँडवर ठेवलं, तर तिथल्या हॉटेलवाल्यानं तिसऱ्या दिवशी चिरेत चुना भरला. तोही काडेपेट्या विकायचा. चिकोडीला कचेरीच्या व्हरांड्यात ठेवलं, तर पक्षकारांनी पैशाऐवजी सदऱ्याची बटणं टाकली आणि शेवटी एका कारकुनानं दाराला अडण म्हणून ते आत ओढून घेतलं. लॉरीत घालून बेळगावला वडगावात नेलं, तर तिथं घरोघरी माग. मागावरचा माणूस जेवायला उठत नाही, तो काडेपेटीला कुठला उठतोय? त्याला बिडी पेटवायची तर बायको चुलीतलं कोलीत आणून देते. "आमच्यात यंत्र हाय की घरात," एक कोष्टी म्हणाला, "पैसा बी टाकाय लागत न्हाय." आणि त्याची बायकोच आधी हसली.

परत आली तेव्हा पद्मराज ओट्यावर बसलेला. "वैनी, त्या पेटीला आधी नवरा बघा. जागा मग बघू."

राहिली निपाणीची तंबाखूपेठ. मोसमात तिथं शेकड्यांनी गाड्या यायच्या. पण वखारींच्या आवारात काडी ओढायला सक्त बंदी. एक ठिणगी पडली तर वर्षाचं पीक जाईल. पेठेच्या राखणदारानं यंत्र बघितलं आणि दांडकंच उचललं. चंपाबाई त्याच्याशी भांडली, भांडून दमली आणि भरमूच्या बैलगाडीत यंत्राशेजारी बसून परत निघाली. भरमू हा पन्नाशीचा गाडीवान, तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस.

आणि त्या दिवशी तिला ते दिसलं. आवारात बिडी ओढायची नाही, म्हणून ओढणारे सगळे चालत बाहेर येत होते. चिकोडीच्या वाटेला गावची शीव होती, शिवेवर एक जुना लिंब होता, आणि लिंबाखाली पंचवीस-तीस गाडीवान काडी मागत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते. हात रिकामे. आसपास दुकान नाही.

"भरम्या, गाडी थांबीव," ती म्हणाली. "हीच जागा."

भरमूनं गाडी थांबवली, पण तो खाली उतरला नाही. "आक्का, बसायला जागा चांगली हाय. ठेवायला न्हाय."

"का?"

"शीव हाय," एवढंच तो म्हणाला.

पाटील म्हणाला, शिवेच्या जमिनीत काही रोवायचं नाही, रोज उचलून नेता येईल असं काही असेल तर ठेवा. म्हणून चंपाबाई आण्णाप्पा सुताराकडं गेली. तिला गुडघ्याएवढा, चार चाकांचा लाकडी गाडा पाहिजे होता, वर यंत्र बसेल असा. आण्णाप्पानं माप ऐकलं आणि हातातला वाकस खाली ठेवला.

"त्या मापाचा गाडा मी करत न्हाय, आक्का."

"का? हात मोडलेत?"

"त्या मापाचा गाडा पटकीच्या साथीतच करत्यात. मरीआईचा. गाव तो आपल्या शिवेवर नेऊन ठेवतं, पुढचं गाव पुढं ढकलतं, त्याच्या पुढचं त्याच्या पुढं. साथ त्याच्याबरोबर जाते. बिनसाथीचा तसला गाडा करू नये."

"ते तुमच्यात. आमच्यात नसतं. मला धंदा करायचाय, जत्रा न्हाय. कर."

आण्णाप्पानं केला. पण मजुरी हातात घेतली नाही, उंबऱ्यावर ठेवायला सांगितली. ती निघताना मागनं म्हणाला, "केला तर केला. पण त्याच्यावर नाव घालू नका, आक्का. त्या गाड्याला मालक नसतो. कुणी विचारलं, गाडा कुणाचा, तर आमच्यात गप बसत्यात. जो नाव सांगंल, त्याच्या दारात तो येतो."

आता यंत्राच्या कंपनीचा नियम असा होता, की ते चालवणाऱ्याचं नाव यंत्रावर पाहिजेच, तक्रार कुणाकडं करायची ते लोकांना कळायला. आणि खरं सांगायचं तर, नियम नसता तरी चंपाबाईनं घातलंच असतं. जन्मात तिचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं. ना घरावर, ना सातबाऱ्यावर, ना भांड्यावर. भांड्यांवरसुद्धा नवऱ्याचं.

पद्मराज म्हणाला, "बाईमाणसाचं नाव भर रस्त्यात? शोभतं का? माझं घाल. माझ्या नावाला पेठेत किंमत आहे."

"तुमचं नाव वखारीवर आहे तेवढं पुरे," चंपाबाई म्हणाली. आणि तिनं यंत्रावरच्या काळ्या लोखंडी पाटीवर पांढऱ्या सफेद्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. तिची लिहायची एक खोड होती. सगळी माणसं अक्षर काढून मग वर रेघ ओढतात, ती आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. मास्तरांनी त्यापायी छड्या दिल्या होत्या. खोड गेली नव्हती.

लिंबाखाली यंत्र ठेवलं आणि आठ दिवसांत तीनदा भरावं लागलं. टण्, खर्र, टप्. दिवसभर तेच. चंपाबाई लांब बांधावर बसून तो आवाज ऐकायची. कुणी भजन ऐकावं तशी. जागा सापडली होती. दोन खोल्यांचं बोलणंही तिनं काढलं.

नवव्या दिवशी सकाळी यंत्र लिंबाखाली नव्हतं.

ते सापडलं चिकोडीच्या वाटेवर, पुढच्या गावच्या शिवेवर, एका चिंचेखाली. काचेवर हळदकुंकू, पायाशी दहीभात, त्याला आंबूस वास सुटलेला. चंपाबाईनं कमरेची किल्ली काढून पैशाची पेटी उघडली. आत पैशांवर एक हिरवी बांगडी होती. सबंध. कुठं चीर नाही, तडा नाही. तिनं ती चिरेशी धरून बघितली. चीर एका पैशाएवढी. त्यातून बांगडीचा तुकडा गेला असता, बांगडी जाणं शक्य नव्हतं. किल्ली एकच, आणि ती तिच्या कमरेला.

ती त्या गावात शिरून जे बोलायचं ते बोलली. चोर म्हणाली, अडाणी म्हणाली. एकेक दार आतून लागत गेलं. एक म्हातारा तेवढा ओसरीवर बसून राहिला.

"आमच्या माणसांनी ढकलला न्हाय, बाई," तो हळू म्हणाला. "तो आला. आमी फक्त पूजा केली. आलाय तसा जाऊ द्या… माघारी नेऊ नका."

"माझं यंत्र हाय. मी नेणार."

नेलं. भरमूच्या गाडीत घालून परत लिंबाखाली. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पुन्हा गेलं, आणि या वेळी दोन गावं ओलांडून. पेटीत दुसरी बांगडी. भरमू वाटेनं खाली बघत चालला होता. धुळीत गाड्याच्या चाकांच्या दोन रेघा, सरळ, एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत. पावलं कुठंच नव्हती.

"ढकलणारे मागनं लिंबाच्या डहाळ्यांनी पाऊलखुणा झाडत जात असतील," चंपाबाई म्हणाली. "तुमच्यात करतात असलं काहीतरी."

"करत्यात," भरमू म्हणाला. "पण मग चाकांच्या रेघा बी झाडल्या गेल्या असत्या, आक्का…"

तिनं वाकून एका रेघेवरून बोट फिरवलं.

भरमूनंच मग दबकत सांगितलं. पहिल्या गावात पटकी लागली होती. त्या चिंचेजवळच्या घरातली तरणी सून गेली. न्हाऊ घालताना बायकांनी बघितलं, एका हातात बांगडी कमी. फुटलेली काच कुठं सापडली नाही. दुसऱ्या गावातही एक बाई, तसंच.

चंपाबाईचा संताप आवरेना. भीती नव्हे, संताप. दोन महिने वणवण करून एक जागा सापडली, तर ती असली! एजंट आठ दिवसांत येणार. शालनचे पाय सुजलेले, मागच्या खोलीत खोकून खोकून तिला उमासे येत होते. आणि इथं लोक बांगड्या मोजत बसलेत. यंत्र तिनं पुन्हा लिंबाखाली आणून ठेवलं आणि ठरवलं, आपण डोळ्यांनी बघायचं. कोण ढकलतं ते धरायचं आणि झिंजा उपटायच्या.

सकाळपासून ती आणि भरमू लिंबापासून पन्नास पावलांवर बैलगाडीच्या सावलीत बसली. उन्हं चढली तसे गाडीवान पांगले. साथीची बातमी पेठेत पोचली होती, आता लिंबाखाली कोणी रेंगाळत नव्हतं. ठीक बारा वाजले असतील. सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा झाली. पाखरं गप्प. वाऱ्याला लिंबाच्या मोहराचा कडसर वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, कापराचा आणि आंबलेल्या भाताचा. रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर रिकामा, पांढरा, डोळ्यांत खुपणारा.

टण्.

चंपाबाईनं मान वर केली. यंत्राजवळ कुणी नव्हतं.

खर्र…

ती वाट बघत राहिली. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की कानच पुढं झाले. पण टप् झालंच नाही. काडेपेटी खणात पडलीच नाही. पडायच्या आधी ती कुणीतरी हातात झेलली होती.

बैल उठून उभे राहिले. दोघांचीही तोंडं यंत्राकडं.

"भरम्या…"

"बोलू नका, आक्का."

एक वावटळ आली, एवढीशी, कमरेएवढी. धूळ डोळ्यांत गेली म्हणून तिनं पदर तोंडावर घेतला. काढला तेव्हा यंत्र जागेवरच होतं. फक्त त्याचं तोंड फिरलं होतं. इतके दिवस ते चिकोडीकडं तोंड करून उभं असायचं. आता गावाकडं. धुळीत चार चाकांच्या चार गोल रेघा.

भरमूनं बैलांची वेसण धरली. "बिननावाचा गाडा पुढं पुढं जातो," तो म्हणाला. "नाव असलेला घर हुडकतो, आक्का. दोन गावं हुडकून झाली. आता त्याला कळलंय."

चंपाबाईच्या डोळ्यांपुढं स्वतःचं घर उभं राहिलं, आणि घरात कोण आहे ते. ती बाई आयुष्यात कुणापुढं नमली नव्हती, पण त्या क्षणी तिनं भरमूच्या गाडीचा कंदील काढला, त्यातलं रॉकेल पदराच्या टोकावर ओतलं आणि पळत जाऊन ती पाटी घासायला लागली. लोखंड चटके देत होतं. घासता घासता तिच्या मनात एक विचार येऊन गेला. खोटं कशाला सांगू, आला. 'माझं घाल म्हणत होता ना. माझ्या नावाला किंमत आहे म्हणत होता.' एवढंच. आला आणि गेला. हातानं ती फक्त पुसत होती. पाटी काळी कुळकुळीत झाली तेव्हा ती उठली, आणि भरमूनं तिला गाडीत घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मराज वखारीत गेला. दुपारी त्याला दोघांनी धरून घरी आणला. दिवस मावळायच्या आत तो पटकीनं गेला. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. शेवटपर्यंत एकच विचारत होता, "दारात कोण आहे बघा… गाडा कुणाचा, विचारतंय." दारात कोणी नव्हतं.

मसणवट शिवेपलीकडं. माणसं प्रेत घेऊन लिंबाखालून गेली आणि येताना थांबली. पाटीवर नाव होतं. पांढऱ्या सफेद्यानं, ठळक. पद्मराज. आधी ओढलेली रेघ, आणि तिला टांगलेली अक्षरं.

त्या हाताची अक्षरं निपाणीत एकाच बाईची.

"मी पुसलं, लिहिलं न्हाय," ती म्हणाली. "भरम्याला विचारा."

भरमूनं खाली बघितलं. "पुसताना बघितलं," तो म्हणाला. "पाठ होती माझ्याकडं."

"हात दाखव," कुणीतरी म्हणालं. तिनं दाखवले. नखांत सफेदा होता. पुसतानाचा, ती म्हणाली. पुसतानाचाच होता. की नव्हता? त्या रात्री ती दिव्याशी बसून आपल्या नखांकडं बघत राहिली आणि तिला स्वतःलाच ते सांगता येईना.

पद्मराजची बायको, म्हणजे चंपाबाईची जाऊ, पदर तोंडात घालून रडायची आणि मधेच थांबून म्हणायची, "घर पाहिजे होतं ना तुम्हाला? घ्या आता." चंपाबाईनं शालनची गादी मागच्या खोलीतून पुढच्या सोप्यात आणून घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालन तिथं बसून हाताला तेल लावत होती. "अव्वा," ती सहज आईला म्हणाली, "एक बांगडी कमी हाय गं."

ओटी भरली तेव्हा कासारानं भरलेल्या हिरव्या बांगड्या. एका हातात पाच, एका हातात सहा. तेव्हाच घट्ट होत्या. आता हात सुजून काच मांसात रुतली होती. कासार म्हणाला होता, आता बाळंत झाल्याबिगर निघायच्या न्हाईत, निघाल्या तर फोडूनच. चंपाबाईनं मोजल्या. पाच, आणि पाच. अंथरूण झाडलं, सोपा झाडला. काच नाही. शालनच्या मनगटावर ओरखडासुद्धा नाही.

"कुठं पडली असंल," शालन म्हणाली.

"व्हय. पडली असंल. तू बस."

चंपाबाईनं फडताळातून सफेद्याचा डबा घेतला, ब्रश घेतला. दारातून बाहेर पडताना वळून बघितलं. शालन पोटावर हात ठेवून काहीतरी गुणगुणत होती.

भरमू शिवेच्या अलीकडं उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. लिंबाखाली यंत्र गावाकडं तोंड करून उभं, आणि पाटीवर आता काहीच नव्हतं. पद्मराजचं नाव पुसायला त्या साथीत कोण तिकडं फिरकलं होतं? तरी पाटी काळी, स्वच्छ. जागा मोकळी. तिनं पेटीला किल्ली लावली. हिरवी बांगडी आतल्या पैशांवर उभी होती, कडेला टेकून. पैसे थंड होते. बांगडी ऊन होती, आत्ताच हातातून काढल्यासारखी.

चंपाबाईनं बांगडी मुठीत धरली. आणि एवढे दिवस मुरलेला सगळा संताप तिच्या तोंडून एकदम बाहेर पडला. "जागा पाहिजे होती मला. दोन खोल्या. पोरीला श्वास घ्यायला जागा. एवढंच मागितलं. कुणाचं काय खाल्लं मी?"

लिंबाचं पान हललं नाही.

मग ती शांत झाली. बांगडी तिनं पोलक्याच्या आत ठेवली, उरापाशी. "भरम्या," ती न वळता म्हणाली, "तुमच्यात विचारतात ते विचार."

"आक्का, नको… माझ्या तोंडानं नको."

"विचार म्हणते ना."

भरमूनं टोपी काढली. "गाडा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. "पहिल्यापासून माझाच. दुसऱ्या कुणाचा न्हाय. न्यायचं तर मला ने, पोरीला न्हाय."

तिनं डब्याचं झाकण काढलं. सफेद्यावर जाड साय धरली होती. ती मोडायला काटकी शोधत ती खाली वाकली, तेव्हा डोक्यावर आवाज झाला.

टण्. खर्र…

टप् झालंच नाही.

तिनं वर बघितलं. हातातला ब्रश कोरडा होता. डब्यावरची साय अजून तशीच होती. पाटीवर आडवी रेघ होती, रेघेला अक्षरं टांगली होती. तिनं बोट लावलं. ओलं नव्हतं. सफेदा वाळून, उन्हापावसात पिवळा पडून त्याचे पापुद्रे सुटले होते, जसं काही ते नाव तिथं वीस-पंचवीस वर्षं होतं आणि मधलं सगळं त्याच्यावर कुणीतरी उगाच लिहून पुसलं होतं.

चंपाबाई.